चढाला लागलं की माणसं बोलू लागतात

सोलापुरात राहून डोंगरातली शर्यत पळायची म्हणजे पहिला प्रश्न डोंगराचाच. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि चहूबाजूंनी माळ. कंबर तलावाभोवती फेऱ्या मारा, होटगी रोडनं लांब जा, हिप्परग्याच्या बांधावर जा, पायाखाली चढ म्हणून काही लागतच नाही. खरा चढ हवा असेल तर तुळजापूरचा घाट गाठायचा, नाहीतर येडशीजवळ रामलिंगच्या जंगलात जायचं. बालाघाटाची ही रांगच आम्हाला त्यातल्या त्यात जवळची. पण तिकडं एकटीनं जाणं जमत नाही. कुणाची तरी गाडी, कुणाचं तरी डिझेल, कुणीतरी भरून आणलेला चहाचा थर्मास, असं सगळं जुळलं की मगच पहाटे निघता येतं. त्यामुळं इथं डोंगरातलं पळणं सुरू होतं तेच चारचौघांत.

माझं शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट आहे. ज्यांना या धंद्याची कल्पना आहे त्यांना ठाऊक असेल, मार्च ते जून आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. कापड कटिंगला, कटिंग शिलाईला, शिलाई झाली की काजं-बटणं, इस्त्री, पॅकिंग, आणि शाळा उघडायच्या आत माल पोचलाच पाहिजे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आत मशिनी. त्या महिन्यांत पहाटे तासभर पळता आलं तरी भाग्य. दिवाळी झाली की मी मोकळी. म्हणून डिसेंबरमधल्या शर्यती मला मानवतात, आणि गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे सिंहगड-राजगड-तोरणा या शर्यतीला गेलो. पळणारी मंडळी तिला एसआरटी म्हणतात.

सगळे म्हणजे कोण ते सांगते. आप्पा रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. अक्का पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्याकडं टॉवेलचे माग आहेत. सर गणित शिकवतात. आणि आमचा डॉक्टर, वयानं सगळ्यांत लहान, त्याला आम्ही डॉक्टरच म्हणतो. मला सगळे ताई म्हणतात, आप्पासुद्धा.

पन्नास किलोमीटरहून थोडी जास्तच लांबी, आणि तीन गड. सिंहगड चढायचा, कल्याण दरवाजानं उतरायचं, मग डोंगराच्या धारेवरून लांबलचक चाल, खाली खोऱ्यात उतरून पुन्हा राजगडाचा चढ, संजीवनी माचीवरून बाहेर पडून तोरण्याकडं जाणारी सोंड, तोरणा, आणि शेवटी वेल्ह्याला उतार. तोरणा 1,403 मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच गड. ही शर्यत किती अवघड आहे, त्यासाठी तयारी काय करावी, बूट कोणते घ्यावेत, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मला लिहायचंय ते त्या वाटेवर भेटलेल्या माणसांबद्दल. कारण खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठीच जाते.

रस्त्यावरच्या मॅरेथॉनही मी पळले आहे. तिथं हजारो माणसं असतात, ढोल असतात, पण प्रत्येकाच्या कानात काहीतरी घातलेलं आणि डोळे मनगटावरच्या घड्याळात. शेजारून पळणाऱ्याशी बोलायला दमच उरत नाही. डोंगरात तसं चालत नाही. वाट एका माणसापुरती. मागून कुणी वेगात आलं की त्याला विचारावंच लागतं, "उजवीकडून येऊ का?" आणि पुढच्याला बाजूला सरून "या या" म्हणावंच लागतं. तेवढ्यानं तोंड उघडतं. शिवाय उभा चढ कुणी पळत नाही. तिथं पळणं आणि गुडघ्यावर हात ठेवून झपाझप चालणं यांत वेगाचा फरक फारसा पडत नाही, दम मात्र चालण्यात कितीतरी कमी लागतो, म्हणून पुढचे नामांकित खेळाडूसुद्धा तो चालतच चढतात. एकदा चालायला लागलं की माणूस बोलतो. तासभर चढ म्हणजे तासभर गप्पा. मी तर म्हणेन, डोंगराच्या शर्यतीत सगळ्यांत सुखाची जागा मधली आणि मागची. पुढं पळणाऱ्यांना हे मिळत नाही.

हे माझ्यासारखीला नवीन नव्हतं, कारण कोजागरीची तुळजापूरची वाट मी लहानपणापासून चालत आले आहे. सोलापूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. रात्रभर माणसांचा लोंढा चाललेला असतो. रस्त्याकडेला मांडव, कुठं चहा, कुठं केळी, कुठं खिचडी, कुठं पायाला तेल लावून द्यायला बसलेली पोरं. आई चालायची, तिच्या मैत्रिणी चालायच्या, आणि आम्ही पोरी त्यांच्या मागं. पाय दुखायला लागले की आई कुणातरी अनोळखी बाईशी बोलायला लागायची. तुमचं गाव कुठलं, मुलं किती, कितवीला. पुढचे दोन-तीन किलोमीटर त्या बोलण्यातच जायचे. लांबचं अंतर असंच कापायचं असतं हे मी तिथं शिकले. पुढं कुठल्याही ट्रेनिंगच्या तक्त्यात मला ते लिहिलेलं दिसलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही जीप करून निघालो. टेंभुर्णीला चहा, भिगवणच्या अलीकडं उजनीच्या पाण्याकडं बघत बघत डबे उघडले. अक्कांनी शेंगापोळ्या आणल्या होत्या, मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे. डॉक्टरनं पिशवीत विकतच्या जेलच्या पुड्या भरलेल्या, त्यावर कर्बोदकांचे ग्रॅम लिहिलेले. लांब शर्यतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं सांगतात, ते बरोबरच आहे. अक्का त्या पुडीकडं बघून म्हणाल्या, "शेंगापोळीत गूळ हाय, कणीक हाय, शेंगा हायत. अजून काय पायजे?" डॉक्टरनं नंतर राजगडाच्या पायथ्याला शेंगापोळीच खाल्ली, हे मी इथं नोंदवून ठेवते.

रात्री गडाच्या पायथ्याच्या गावात एका घरी उतरलो. पिठलं, तांदळाची भाकरी, कांदा. त्या घरच्या वहिनींनी विचारलं, "एवढ्या लांबून पळायला आलात? बक्षीस काय असतं?" सरांनी खरं ते सांगितलं, आमच्यासारख्यांना फक्त एक पदक. वहिनी म्हणाल्या, "मग जेवून घ्या नीट," आणि आणखी भाकऱ्या टाकायला बसल्या.

पहाटे अंधारात सुरुवात झाली. कपाळाला बॅटऱ्या, पाठीला पाण्याच्या पिशव्या, शिट्टी. सिंहगडाच्या चढालाच माझ्यापुढं एक नाशिकचे गृहस्थ होते, बँकेत अधिकारी. त्यांची डोंगरातली पहिलीच मोठी शर्यत. माझा टी-शर्ट बघून म्हणाले, "सोलापूर? तिकडं कुठं डोंगर?" मी म्हटलं, "म्हणून तर इकडं आलो." मग त्यांनी नाशिकच्या रामशेजचं सांगितलं, मी रामलिंगचं. त्यांच्या मुलीची बारावी, माझ्या मुलाची नववी. कल्याण दरवाजा येईपर्यंत मला त्यांच्या घरातली सगळी माणसं ठाऊक झाली होती. दरवाजात उजाडलं. तिथून पुढं ते उताराला हळू आणि मी थोडी वेगात, म्हणून "वेल्ह्यात भेटू" म्हणून निघाले.

पण या शर्यतीत मला सगळ्यांत जास्त आवडली ती भोरकडच्या एका मुलाची सोबत. वय तेवीस-चोवीस, घरची भातशेती, सैन्यभरतीची तयारी करत होता. उतारावर तो शेळीच्या करडासारखा उड्या मारत जायचा. मी सपाट मातीची, धारेवरच्या सरळ वाटेवर माझे पाय मोकळे व्हायचे. त्यामुळं उताराला तो मला मागं टाकायचा आणि सपाटीला मी त्याला. पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आलात का मावशी?" पुढच्या वेळी मी त्याला गाठलं तर तो दगडावर बसून बुटातले खडे काढत होता. मी विचारलं, "खडे काढतोय का माझी वाट बघतोय?" तो म्हणाला, "दोन्ही." तिथून पुढं आम्ही बरोबरच निघालो. त्यानं मला उतार शिकवला: नजर पायाखाली ठेवायची नाही, चार पावलं पुढं ठेवायची, पावलं बारकी टाकायची, हात मोकळे सोडायचे, आणि टाचेवर जोर देऊन थांबायचा प्रयत्न करायचा नाही. तुळजापूरच्या घाटात कितीतरी रविवार घालवून जे हाती लागलं नव्हतं ते मला या पोरानं चालत्या वाटेवर दिलं. मी त्याला सपाटीवरचा एकसारखा श्वास कसा ठेवायचा ते सांगितलं, आणि मिठाच्या गोळीऐवजी शेंगाचटणीची पुडी दिली. तिखटानं त्याचे कान लाल झाले. तरी त्यानं दुसरी मागितली.

पाण्याच्या ठिकाणी आसपासच्या गावांतली पोरं-पोरी उभी होती. कागदी कप नव्हते. ज्यानं त्यानं आपला पेला पुढं करायचा. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी जग घेऊन उभी होती आणि पाणी ओतताना प्रत्येकाला विचारायची, "तुमचं नाव काय?" नाव सांगितलं की ती जोरात ओरडायची आणि बाकीची पोरं त्या नावानं टाळ्या वाजवायची. अक्कांचं नाव जरा लांबलचक तेलुगू, ते तिला दोनदा विचारावं लागलं, पण ओरडली बरोबर. अक्का नंतर दिवसभर तेच सांगत होत्या. घरी सगळे त्यांना अक्का, मालकीणबाई, आई म्हणतात. डोंगरात भर उन्हात त्यांचं पूर्ण नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं.

राजगडाचा चढ लागायच्या आधी एक मुंबईचे गृहस्थ वाटेकडेला आडवे पडलेले दिसले. दोन्ही पोटऱ्यांत गोळे. त्यांच्याभोवती आधीच दोघं थांबली होती. डोंगरात हा नियमच आहे, पडलेला माणूस दिसला तर थांबायचं, तुमची वेळ गेली तरी चालेल. पण मी जे बघितलं त्यात नियमाची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही. एकानं पाय धरून पावलं वर ताणली, एकीनं मिठाचं पाणी दिलं, मागून आमचा डॉक्टर आला त्यानं नाडी बघितली, काय खाल्लं-प्यायलं ते विचारलं. ते गृहस्थ सारखं म्हणत होते, "तुम्ही जा, तुमचा वेळ जातोय." आमचे सर म्हणाले, "वेळ कुठं जातोय? हितंच हाय की." वीसेक मिनिटांनी ते उठले, आणि सर त्यांच्याबरोबर चालत राहिले. दोघं गड चढून वर आले तेव्हा त्यांच्यात त्रिकोणमितीच्या शिकवणीबद्दल वाद चालला होता.

राजगडाबद्दल काय सांगायचं! महाराजांनी पंचवीसेक वर्षं जिथून कारभार केला तो गड. पद्मावती माचीवर पोचल्यावर सगळे आपोआप टोप्या काढत होते. कुणीतरी गारद सुरू केली आणि ज्यांच्यात दम उरला नव्हता त्यांच्याही तोंडून "जय" निघाला. माझ्या अंगावर काटा आला. एरवी आम्ही वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या धंद्यांचे, कुणाचा मराठीचा सूर कोकणी, कुणाचा वऱ्हाडी, आमचा सोलापुरी. तिथं सगळ्यांचा आवाज एक झाला.

संजीवनी माचीच्या पुढं, आळू दरवाजातून बाहेर पडल्यावर मात्र गप्पा कमी झाल्या. ऊन डोक्यावर, तोरण्याची सोंड समोर पसरलेली आणि ती संपतच नाही. रस्ता ओलांडायची खिंड येते तिथं एका घरासमोर आजी ताक घेऊन बसल्या होत्या. पैसे विचारले तर म्हणाल्या, "आधी पी, मग बघू." भोरचा पोरगा आणि मी दोघं तिथं बसलो. अर्ध्या तासानं अक्का आल्या, त्यांच्यामागं नाशिकचे बँकवाले. आजींनी अक्कांना विचारलं, "तू पण ह्यांच्यातलीच का गं? वय काय तुझं?" अक्कांनी वय सांगितलं. आजी म्हणाल्या, "माझ्या धाकट्या सुनेएवढी. जा, जमंल तुला." शर्यतीत दिवसभर इतक्या लोकांनी "शाब्बास", "कमॉन" म्हटलं होतं, पण अक्का उठल्या त्या आजींच्या त्या एका "जमंल"वर.

बुधला माचीच्या अलीकडं खडकाचा टप्पा आहे, तिथं हातांनी धरून चढावं लागतं. गिर्यारोहणातली अनुभवी मुलं दोर घेऊन उभी होती. पुढचा वर पोचला की वाकून मागच्याचा हात धरायचा, तो पोचला की त्यानं त्याच्या मागच्याचा. मला वर घेणारा हात कुणाचा होता ते मी बघितलं नाही, मी ज्यांना घेतलं त्यांनी माझं तोंड बघितलं नसेल. तोरण्याच्या बिनी दरवाजातून वेल्ह्याकडं उतरताना अक्का माझ्यामागं होत्या आणि प्रत्येक घसरड्या जागी स्वतःलाच तेलुगूत सांगत होत्या, "मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे हळू, हळू. भोरचा पोरगा पुढं पळून जाऊ शकला असता. तो प्रत्येक वळणावर थांबत होता. शेवटी त्यालाही ते पाठ झालं आणि वळणावर आमची वाट बघत तोच ओरडायला लागला, "मेल्लगा, अक्का!"

आम्ही तिघं उजेड असताना पोचलो. पदक गळ्यात पडलं, आनंद झाला, तो सगळ्यांना होतो. त्यानंतरचे तास मात्र दिवसातले उत्तम. अंगावर सोलापुरी चादर घेऊन (अक्कांनी प्रत्येकासाठी एकेक आणली होती) आम्ही शेवटच्या कमानीपाशी बसलो आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत राहिलो. अंधारात वरच्या उतारावर बॅटऱ्या दिसायच्या, मग माणूस दिसायचा. ज्यांच्याशी सकाळी दोन शब्द झाले होते तेसुद्धा आता घरचे वाटत होते. मुंबईचे गृहस्थ आले, सर त्यांच्याबरोबरच. सरांना खूप आधी पोचता आलं असतं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं नाही.

आप्पा शेवटी आले. शर्यतीत सगळ्यांच्या मागं चालणारी माणसं असतात, त्यांना स्वीपर म्हणतात. त्यांचं कामच शेवटच्या माणसाबरोबर राहायचं, वाटेवरच्या खुणेच्या फिती गोळा करायच्या, कुणी मागं राहिलं नाही ना ते बघायचं. मुदतीला थोडाच वेळ उरला होता तेव्हा चार बॅटऱ्या एकत्र खाली येताना दिसल्या: दोन स्वीपर, एक पुण्याची मुलगी जी अर्ध्या वाटेवर सोडून द्यायचं म्हणत होती, आणि आमचे आप्पा. आप्पांना विचारलं, एवढा उशीर? ते म्हणाले, "ताई, मी सगळी नोकरी शेवटच्या डब्यात केली. गाडी पूर्ण पोचली का नाही हे शेवटच्यालाच कळतंय. ही पोरगी मागं राहिलेली, तिला सोडून कसं येऊ?" ती मुलगी आप्पांच्या गळ्यात पडून रडली. स्वीपरपैकी एकानं मला सांगितलं, तोरण्याच्या चढावर आप्पांनी तिला रेल्वेची सगळी स्टेशनं क्रमानं म्हणायला लावली होती, सोलापूर ते पुणे, पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी करत करत. स्टेशन संपली की उलटी.

निघताना फोन नंबर घेतले जातात, तसे आम्हीही घेतले. बहुतेकदा ते तसेच राहतात. या वेळी राहिले नाहीत. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, या म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि भोरचा पोरगा, नाशिकचे बँकवाले आणि ती पुण्याची मुलगी, तिघंही आले. अक्षता सोहळ्याला आम्ही त्यांना संमती कट्ट्याजवळ नेलं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, आणि "हर्र बोला हर्र"चा गजर. भोरचा पोरगा नंदीध्वज पेलणाऱ्यांचे पाय बघत होता. मला म्हणाला, "मावशी, हे आपल्यापेक्षा अवघड आहे. एवढ्या उंच काठीचा तोल सांभाळत चालायचं." मग विचारलं, ते सराव कुठं करतात, किती आधीपासून, कुणीही जाऊ शकतं का. शेजारच्या एका मानकऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "कुठून आलाव मालक?" इथपासून सुरुवात झाली, आणि अर्ध्या तासानं तो त्यांच्या घरी चहाला जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांना कंबर तलावावर पळायला नेलं. बँकवाल्यांना सपाटीवर एवढं पळायची सवय नाही, ते सारखे विचारत होते, चढ कधी येणार. पुण्याची मुलगी आप्पांबरोबर मागं होती, दोघं बोलत होते. दुपारी आप्पांच्या भावाच्या शेतात हुरडा. मंगळवेढ्याकडची मालदांडी, गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, शेंगाचटणी, दही, गूळ. भोरच्या पोरानं आता चटणी न रडता खाल्ली.

पुढचं ठरलंय. पावसाळ्यात भाताची लावणी असते तेव्हा आम्ही भोरला जाणार आहोत. आधी त्याच्या शेतात चिखलात उभं राहायचं, मग त्याच्या रोजच्या डोंगरावर पळायचं. जून संपेपर्यंत मला हलता येणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून त्यानं लावणीची तारीख आमच्या गणवेशांच्या शेवटच्या ऑर्डरनंतरची धरली आहे. पाऊस त्याचं ऐकेल का नाही, ते बघू. अक्का विचारतायत, चिखलात जायचं तर चादरी न्यायच्या की टॉवेल. मी म्हटलं, दोन्ही घ्या.